सागवानी कपाट टाकायचं की ठेवायचं?

गणपती तोंडावर आले की घरसजावटीच्या या सदराकडे येणारी पत्रं वाढतात, आणि निम्म्या पत्रांत एक ओळ असतेच: "पाहुणे यायच्या आत होईल ना?" एकदाच सांगून टाकते, नाही होणार. सुतारमिस्त्री गावाला जातील. पॉलिशवाला भर पावसात हात लावणार नाही, आणि लावलाच तर दमट हवेत ते पॉलिश पांढुरकं पडेल. दिवाळीनंतरचं धरा. तोवर विचार करा, त्याला कोणी स्क्वेअर फुटाचा भाव लावत नाही.

ताई, चिंचवडला आमच्या टू बीएचकेचा ताबा मिळालाय, ६४० कारपेट. आम्ही पाच जण. मी, मिस्टर, सासूबाई (वय ७२, गुडघे दुखतात), मुलगी नववीत, मुलगा तिसरीत. डिझायनरने थ्रीडी दिलंय. हॉलला मार्बल दिसणारी टीव्ही वॉल, आमच्या बेडरूमला 'हॉटेल लुक', मुलांची खोली निळी-पिवळी, किचन गडद हिरवं. एकेक चित्र सुंदर आहे, पण सगळी शेजारी ठेवली की चार वेगवेगळ्या लोकांची घरं वाटतात. त्यात सासूबाईंचं वाईहून आणलेलं सागवानी कपाट. मिस्टर म्हणतात विकून टाकू. सासूबाई म्हणतात, कपाट नाही तर मीही नाही. काय करू?
— एक वाचक, चिंचवड

तुमच्या पत्रात चार खोल्यांचे चार रंग आहेत. सासूबाई झोपणार कुठे, हे मात्र एका शब्दानेही नाही. थ्रीडीतही नसणार. त्यात माणसं नसतात, फुलदाण्या असतात.

म्हणून रंग जरा बाजूला ठेवा आणि सध्या राहताय त्या घरात दोन-तीन दिवस एक वही भरा. सकाळी सहा ते नऊ कोण कुठे असतं? डबे कुठे भरले जातात? दप्तर कुठे आपटलं जातं? सासूबाई पेपर कुठे वाचतात, औषधं कुठे ठेवतात? इस्त्रीचे कपडे आल्यावर दोन दिवस कुठल्या खुर्चीवर पडून असतात? डायनिंग टेबलवर जेवणाखेरीज काय काय असतं, त्याचा एक फोटोच काढा. चार्जर, लोणच्याची बरणी, वीजबिल, कंपासपेटी, कुणाचा तरी चष्मा. यातल्या प्रत्येक वस्तूला नव्या घरात जागा मिळाली तर घर नीटनेटकं दिसेल. नाही मिळाली, तर त्या मार्बलच्या भिंतीपुढे हाच पसारा येऊन बसेल.

आता झोपायचं. एक खोली तुम्हा दोघांची. दुसरी सासूबाई आणि मुलीची करा, 'मुलांची' नको. तिसरीतला मुलगा अजून दोन-तीन वर्षं तुमच्या खोलीत गादीवर झोपेल आणि पुढे हॉलमधल्या दिवाणावर जाईल. म्हणून हॉलला एल आकाराचा सोफा घेऊ नका. तीन जणांचा साधा सोफा आणि समोर सहा फुटी दिवाण. दिवाणावर दुपारी सासूबाई पाय लांब करतील, पाहुणा आला तर झोपेल, खाली चादरी-उशा मावतील. एल सोफ्याच्या कोपऱ्यात कुणी बसत नाही. तिथे कपड्यांचा ढीग बसतो.

दुसऱ्या खोलीचं माप तुम्ही नकाशावर दहा बाय बारा दिलंय. दार बारा फुटी भिंतीच्या कोपऱ्याशी, खिडकी दारापासून लांबच्या दहा फुटी भिंतीला. तुमचा तो नकाशा समोर ठेवूनच लिहिते आहे. सासूबाईंचा तीन फुटी पलंग दाराजवळच्या दहा फुटी भिंतीला समांतर टाका. म्हणजे रात्री उठल्यावर चार पावलांत दार, आणि दाराबाहेर कॉमन बाथरूम. पलंगापासून अडीच फूट सोडून ते सागवानी कपाट दारासमोरच्या बारा फुटी भिंतीला काटकोनात उभं करा, दारं सासूबाईंच्या बाजूला. तुमचं कपाट साडेतीन फूट रुंद आणि वीस इंच खोल आहे. दारं पूर्ण उघडतील आणि मागे खिडकीपर्यंत जवळपास पावणेपाच फूट उरतील. तिथे, त्याच भिंतीला, मुलीचं चार फुटी अभ्यासाचं टेबल. खिडकी तिच्या डाव्या हाताला येते. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलीला वहीवर सावली पडणार नाही. कपाटाच्या पाठीला सहा एमएमचं प्लाय मारून त्यावर सॉफ्टबोर्ड लावा. वेळापत्रक, फोटो, जे काय चिकटवायचंय ते तिथे, भिंतीवर नाही. तिचा पलंग समोरच्या भिंतीला, खाली ड्रॉवर. मध्ये साडेतीन फुटांची वाट राहते. उद्या सासूबाईंना वॉकर लागला तरी अडणार नाही.

सासूबाई साडेनऊला झोपतात आणि नववी-दहावीची मुलगी अकरापर्यंत जागते. एका खोलीत दोघींचं पटायचं असेल तर मध्ये काहीतरी उभं पाहिजेच. नव्या पार्टिशनला पैसे पडले असते, तुमच्याकडे ते वाईहून चालत आलंय. फक्त एक करा. उठता-बसता सासूबाई त्याचाच आधार घेणार, तेव्हा ते वरून भिंतीला आणि खालून जमिनीला एल क्लॅम्पने पक्कं बांधून घ्या. मोकळं उभं कपाट धोक्याचं.

मग घर 'एक' कसं दिसायचं, हा तुमचा मूळ प्रश्न. अनेकांना वाटतं त्यासाठी सगळं मॅचिंग हवं. माझं मत उलट आहे. तीन गोष्टी घरभर सारख्या ठेवा, बाकी ढिलं सोडा. फरशी, लाकडाचा रंग आणि दिव्याचा रंग.

फरशी बिल्डरने सगळीकडे एकच दिली असेल तर तिला हात लावू नका. हॉलला इटालियन आणि बेडरूमला लाकडी फ्लोअरिंग केलंत की उंबऱ्या-उंबऱ्याला पट्टी येते, आणि लहान घर तिथे तिथे तुटतं. वाचलेल्या पैशात बाथरूमची फरशी बदला. तिथे मात्र खरखरीत, अँटीस्किडच हवी. कमोडशेजारी स्टीलचा दांडा आताच लावून घ्या. टाइल्सच्या आधी मिस्त्रीला जागा सांगितली तर पाइप फुटण्याची भीती नाही.

लाकडाचा रंग तुमच्या कपाटाने ठरवलेलाच आहे. पण इथे एक सापळा आहे. दुकानदार तुम्हाला 'टीक' नावाचं सनमायका दाखवेल आणि म्हणेल, अगदी सेम टू सेम मॅडम. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ते सेमच दिसतं. नमुन्याचा तुकडा घरी आणा, सकाळी दहा वाजता कपाटाच्या दाराला टेकवून धरा आणि दोन पावलं मागे या. छापील रेषा प्रत्येक शटरवर तीच ती येते. खऱ्या सागाची रेषा कुठे गाठीशी वळलेली, कुठे विरळ, आणि मधाचा जो रंग त्याला वर्षानुवर्षांनी आलाय तो छापता येत नाही. शेजारी शेजारी आले की दोन्ही वाईट दिसतात. खोटं आणखी खोटं, आणि जुनं उगाच मळकं. त्यापेक्षा बाकी सगळी शटर्स एकाच साध्या रंगाची घ्या, रेषा नसलेली, सायीच्या रंगाकडे झुकणारी. लाकूड फक्त जिथे खरं आहे तिथेच दिसू दे: हे कपाट, मुख्य दार, दिवाणाची चौकट, आणि बजेट असेल तर डायनिंगच्या खुर्च्या. चार ठिकाणी तोच साग दिसला की घराला आपोआप सूर लागतो. गडद हिरवं किचन तुम्हाला फारच आवडलं असेल तर करा, पण फक्त खालची शटर्स. वरची सायीचीच.

दिवे. सध्याच्या घरी बघा: हॉलमध्ये पिवळा, पॅसेजमध्ये निळसर पांढरा, बेडरूममध्ये तिसराच. पन्नास हजारांची टीव्ही वॉल करूनही संध्याकाळी घर दवाखान्यासारखं दिसतं ते यामुळे. दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, तो एकही आणू नका. बेडरूम-हॉलला ३०००, ओटा आणि अभ्यासाच्या टेबलाला ४०००. इलेक्ट्रिशियनला हे लिहून द्या आणि भिंतीला चिकटवा, कारण तो दुकानात जाईल तेव्हा जे हाताला लागेल ते आणेल.

फॉल्स सीलिंग सगळीकडे कशाला? हॉलमध्ये एसीचा पाइप आणि वायर झाकायला एका कडेने पट्टा करा, पुरे. वाचलेले पैसे बिजागऱ्या आणि ड्रॉवरच्या चॅनलमध्ये घाला. दिवसातून वीस वेळा हात तिथे लागतो, छताला नाही.

बाल्कनी बंद करून अभ्यासाची खोली काढा असं कुणीतरी तुम्हाला सुचवलंय, ते ऐकू नका. महापालिकेची परवानगी आणि सोसायटीची एनओसी हा एक भाग झाला. दुसरा असा की वाळत घालायचे कपडे मग कुठे जाणार? पाच माणसांचे?

कोल्हापूरला घर बांधतोय. माझी उंची पाच फूट सहा इंच, सासूबाई चार फूट अकरा. दोघीही स्वयंपाक करतो. ओटा ३२ इंच ठेवायचा की ३६, यावरून घरात दोन पक्ष पडलेत. गवंडी म्हणतो, सगळे ३३ करतात.
— एक वाचक, कोल्हापूर

दोन्ही पक्ष बरोबर आहेत, कारण दोघींना त्रास वेगवेगळ्या जागी होतो.

उंच बाईची कंबर सिंकपाशी जाते. ओटा ३३ इंच असला तरी सिंकचा तळ आणखी आठ इंच खाली असतो, म्हणजे भांडं घासताना तुमचे हात २५ इंचांवर. बुटक्या बाईचे खांदे गॅसपाशी जातात. ओट्यावर शेगडी, शेगडीवर कुकर किंवा पातेलं, म्हणजे आमटी ढवळताना हात कोपराच्या वर. तेव्हा एकाच उंचीचा ओटा करायचा हा आग्रहच सोडा. सिंककडचा भाग ३५ आणि गॅसकडचा ३२ ठेवा. पायरी सिंकपासून निदान फूटभर लांब घ्या, नाहीतर ओली भांडी ठेवायला जागा राहत नाही. पायरीच्या उभ्या कडेला ग्रॅनाइटची पट्टी लावून सांधा नीट भरून घ्या. पाणी आणि झुरळं दोघांनाही तीच जागा आवडते.

कापणं आणि पोळ्या लाटणं ज्या उंचीवर सोयीचं, ती उंची अशी काढा: चप्पल घालून उभं राहायचं, कोपर काटकोनात वाकवायचं, आणि कोपरापासून चार-पाच इंच खाली खूण करायची. पोळ्या जी जास्त करते तिची खूण धरा. घरात कोण जास्त पोळ्या करतं या वादात मी पडणार नाही.

गवंड्याला सांगा, कडाप्प्याच्या उभ्या फळ्या बसवायच्या आधी विटा रचून त्यावर एक फळी टाक. दोघींनी त्यावर खोटं खोटं लाटून बघा. तुम्हाला हसतील, हसू देत.

गुहागरजवळ आमचं जांभ्या दगडाचं, कौलारू घर आहे. आम्ही भाऊ मुंबई-पुण्यात. घर गणपतीत आणि मेमध्ये उघडतं, एरवी कुलूप. सगळ्यांनी मिळून खर्च करून आतून चांगलं करायचं ठरलंय. मॉड्युलर किचन, वॉर्डरोब, हॉलमध्ये वॉल पॅनेलिंग. धाकटा भाऊ म्हणतो पॅनेलिंगमुळे भिंतीची ओल झाकली जाईल.
— एक वाचक, ठाणे

धाकट्या भावाला हात जोडून सांगा: ओल झाकायची नसते.

जांभा सच्छिद्र असतो. जून ते सप्टेंबर तो पाणी पितो आणि हवा मिळाली तर पुढच्या महिन्यांत सोडतो. त्यावर प्लायचं पॅनेल ठोकलंत की ते पाणी पॅनेलच्या मागे अडकतं. तुम्ही गणपतीला दार उघडाल तेव्हा आधी वास येईल, मग बुरशी दिसेल, आणि मेमध्ये पॅनेलवर टकटक केलंत तर आत वाळवीने फक्त सनमायका शिल्लक ठेवलेलं असेल. भिंतीला प्लॅस्टिक पेंटही नको, तो पोपडे धरतो. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग द्या. दर दोन-तीन वर्षांनी हात मारावा लागेल. चालतंय की, तेवढ्या निमित्ताने भाऊ एकत्र येतील.

स्वयंपाकघराला दारं असलेली कपाटं करू नका. कडाप्प्याच्या किंवा स्टीलच्या उघड्या मांडण्या करा, भिंतीपासून दोन इंच पुढे. डबे आणि भांडी कुलूप लावताना पालथी घालून ठेवा. कपड्यांची कपाटं करायचीच असतील तर पायांवर उभी, जमिनीपासून निदान सहा इंच वर, आणि दारांना जाळी किंवा झडपा. घरच्या आवारात फणस पडला असेल तर त्याचं लाकूड विकू नका. कापून, नीट वाळवून त्याच्याच फळ्या वापरा. कोकणात फणसाचं लाकूड पिढ्यान्‌पिढ्या घरात वापरलं गेलंय, त्याला या हवेची सवय आहे.

कापसाच्या गाद्या ठेवू नका, ओल खेचतात. आणि खर्चातला पहिला हिस्सा इंटिरियरला नाही, कौलांना द्या. फुटकी कौलं, वासे, पन्हाळी, घराभोवतीची पाणी वाहून जायची वाट, हे मेमध्ये झालं तर आत अर्धं काम कमी होतं. शेजारचं कुणी महिन्यातून दोनदा खिडक्या उघडायला तयार असेल तर त्यांना मानधन द्या. तुमच्या सगळ्या फर्निचरपेक्षा तो खर्च जास्त उपयोगी पडेल.

नवी मुंबईत तीन जणांकडून कोटेशन घेतलं. वॉर्डरोबचा दर तिघांचा वेगळा, आणि सर्वांत स्वस्त माणूस म्हणतो 'मीही आयएसआय प्लायच वापरतो'. फरक कशात असतो?
— एक वाचक, नवी मुंबई

आयएसआय शिक्का दोन वेगळ्या प्लायवर असू शकतो. आयएस ३०३ हा सर्वसाधारण वापराच्या प्लायचा, आयएस ७१० हा मरीन प्लायचा. बेडरूमच्या वॉर्डरोबला ३०३ मधलं चांगलं प्लाय पुरतं. सिंकखाली आणि बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाला ७१०च. कोटेशनवर 'आयएसआय प्लाय' एवढंच असेल तर आकडा लिहून घ्या. माल आल्यावर शीटवरचा शिक्का वाचा आणि फोटो काढून ठेवा, कापल्यावर शिक्का सापडत नाही.

बाकी फरक इथे लपतो: आतून सनमायका आहे की नुसता रंग, पाठीचं प्लाय किती एमएमचं, ड्रॉवर किती आणि ते दरात धरलेत की वेगळे, लॉफ्ट त्याच दराने की कमी. वॉर्डरोबचा स्क्वेअर फूट बहुतेक जण समोरून मोजतात, रुंदी गुणिले उंची. म्हणजे आत एक फळी असो की सहा, भाव तोच. आतलं रेखाटन मागितल्याशिवाय तीन दरांची तुलना करू नका. कपाट आत दोन फूट खोल आहे ना तेही बघा. बावीस इंच करून प्लाय वाचवणारे आहेत, आणि मग हँगरवरचा शर्ट दारात अडकतो.

ईशान्येला बाथरूम आलंय. देवघर कुठे ठेवू?
— एक वाचक, नाशिक

वास्तूचं मला विचारू नका. उजेड येतो, येता-जाता कुणाचा पाय लागत नाही आणि बसून पूजा करणाऱ्याला मांडी घालता येते, अशी जागा बघा. वर निदान दीड फूट मोकळं ठेवा, नाहीतर निरांजनाने लॅमिनेट भाजतं. खाली तेल, वाती, कापूर, उदबत्त्यांसाठी ड्रॉवर हवाच. आणि समईखाली लाकूड नको, ग्रॅनाइटचा तुकडा बसवा. ओट्याच्या सिंकसाठी कापलेला उरतो, तो मागून घ्या.

मी अकरावीत आहे. मला माझ्या खोलीची एक भिंत काळी करायची आहे. आई म्हणते अशुभ. तुम्ही सांगा तिला.
— एक वाचक, सोलापूर

शुभ-अशुभ तुम्ही दोघं बघा, मी रंगाचं सांगते. खिडकीची भिंत काळी करू नकोस, समोरच्या उजेडाने डोळ्यांना त्रास होतो. टेबलासमोरचीही नको. पलंगाच्या डोक्याची कर. एकदम काळा घेण्यापेक्षा कोळशाच्या रंगाचा घे, आणि मॅट. चकचकीत काळ्यावर प्रत्येक बोट उठतं. सोलापूरच्या उन्हात पश्चिमेची भिंत आधीच तापते, तेव्हा ती पश्चिमेची असेल तर दुसरी निवड.

आईला एवढंच सांग की बारावीनंतर ती पुन्हा पांढरी करायची तर आधी प्रायमर आणि मग दोन-तीन हात लागतील, आणि ते तू स्वतः मारशील. तसं लिहून सही करून दे. भिंत पुसणं, टेप लावणं, फरशीवर जुने पेपर अंथरणं आणि शेवटी ब्रश धुणंही तुझ्याकडेच.